दत्तामामा आणि अंधेरीचं अर्धं मिनिट

मामी कधी फोन करत नाही. फोन दत्तामामा करायचा, आणि मामीला जे सांगायचं असेल ते ती स्वयंपाकघरातून ओरडून सांगायची. त्यामुळे त्या मंगळवारी दुपारी ऑफिसात माझ्या फोनवर मामीचं नाव दिसलं तेव्हाच काहीतरी झालंय हे कळलं. मी फोन उचलला नाही. लिहायला लाज वाटते, पण उचलला नाही. पालथा घातला आणि तो थरथरायचा थांबेपर्यंत समोरच्या स्क्रीनकडे बघत बसले. थांबला, परत सुरू झाला. दुसऱ्या वेळी उचलला तर मामी अगदी शांत आवाजात म्हणाली, "अनू, मामा उठत नाही गं. जेवून आडवा झाला होता. डॉक्टर येऊन गेले." मग म्हणाली, "ये तू. पण धावत येऊ नको. घाई करण्यासारखं काही राहिलं नाही."

माझ्या स्क्रीनवर तेव्हा एक तक्ता उघडा होता. खाडीपलीकडच्या नव्या विमानतळापर्यंत आपल्या उपनगरांतून थेट गाडी सोडायची, तिच्या वेळापत्रकाचा तक्ता. त्यात एक ओळ होती: अंधेरी, थांबा अर्धं मिनिट. शेजारच्या 'तपासलं' या रकान्यात माझी सही होती. ती ओळ चूक आहे हे मला माहीत होतं. मामालाही माहीत होतं, कारण ती चूक त्यानेच दाखवली होती. आणि दोनच दिवसांपूर्वी, रविवारी, त्याने मला विचारलं होतं, "बदललंस?" मी म्हटलं होतं, "हो."

बदललं नव्हतं...

दीड महिना झाला. लोक मामाबद्दल चांगलं बोलतात आणि मी मान हलवते. पण त्याची आठवण काढायला बसलं की मला आधी तो "हो" ऐकू येतो, म्हणून सुरुवात तिथूनच केली.

दत्तामामा म्हणजे माझ्या आईचा थोरला भाऊ. आजोबा मालवणकडून गिरणीत कामाला आले, लालबागच्या चाळीतल्या एका खोलीत सगळं घर वाढलं, आणि मामा शिकून रेल्वेत लागला. माझ्या आठवणीत तो बोरीवलीलाच आहे, रुळांना लागून असलेल्या एका जुन्या सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर. आम्ही कांदिवलीला, एका स्टेशनाच्या अंतरावर. नोकरीची बरीचशी वर्षं तो सेक्शन कंट्रोलर होता. लहानपणी मला वाटायचं, म्हणजे हा गाडी चालवतो. मग एकदा त्याने मला समजावून दिलं. एक खोली असते, तिला खिडकी नसते. टेबलावर मोठा कागद पसरलेला असतो. आडवी वेळ, उभी स्टेशनं. प्रत्येक गाडी म्हणजे त्या कागदावरची एक तिरकी रेघ. कंट्रोलर कानाला फोन लावून बसतो, स्टेशनांवरून वेळा येतात, आणि तो पेन्सिलीने रेघ पुढे पुढे नेत राहतो. "म्हणजे तुला गाडी दिसतच नाही?" मी विचारलं होतं. "दिसता ना," तो म्हणाला, "पण रुळावर नाय गो. कागदावर."

मी घाबरट मुलगी होते, आहे. शाळेत बाईंनी नाव पुकारलं तरी माझे हात गार पडायचे. शाळा इंग्रजी, घर मालवणी-मराठी, आणि मी दोन्हीकडे गप्प. बाकीचे नातेवाईक "अगं बोल की, मांजरीने जीभ नेली का" म्हणून छळायचे. मामाने कधी छळलं नाही. उलट एकदा सगळ्यांसमोर म्हणाला, "कंट्रोलला घाबरट माणूसच चालतो. शूर माणूस बसवलात तर आपली सगळ्यांची वाट लागली समजा." सगळे हसले. मला ते आयुष्यात मिळालेलं पहिलं प्रमाणपत्र वाटलं.

इंजिनीअरिंग करून मी अंधेरीतल्या एका छोट्या सल्लागार कंपनीत लागले. गेल्या वर्षी आमच्याकडे हे थेट गाडीचं काम आलं. माझ्या ओळखीतला प्रत्येक माणूस खूश झाला. आमच्या सोसायटीतल्या एका काकूंची मुलगी परदेशात असते. त्यांनी मला लिफ्टमध्ये अडवलं, "तू करतेयस ना ती गाडी? लवकर कर बाई. बॅगा घेऊन टॅक्सीत बसलं की विमान सुटेल या भीतीने माझा जीव जातो." मलाही वाटायचं, चांगलं काम आहे. आपल्या बाजूने बसायचं आणि मध्ये न उतरता विमानतळावर उतरायचं, यात वाईट काय?

मामाला सांगितलं तेव्हा त्याचे डोळे चमकले. त्या दिवसापासून तो माझं स्वागत एकाच वाक्याने करायला लागला, "काय गो चेडवा, सुटलां काय तुझां विमान?" मग जेवणाच्या टेबलावरची भांडी बाजूला सारली जायची, मामी कुरकुरायची, आणि मी लॅपटॉप उघडून त्याला रेघा दाखवायची. स्क्रीनवरच्या रेघा त्याला आवडायच्या नाहीत. "ह्यां काय, रांगोळी?" म्हणायचा. पण बघायचा बराच वेळ.

मला अडचण माहीत होती. आपल्या बाजूची हार्बरची गाडी अंधेरी, वांद्रे करत वडाळ्याला जाते, आणि तिथे दक्षिणेकडून येणाऱ्या गाड्या त्याच रुळांवर येतात. पुढे खाडीपर्यंत दोन्हीकडच्यांना मिळून एकच जोडी. ती जोडी आत्ताच जवळजवळ भरलेली आहे. नवी गाडी घालायची तर दोन गाड्यांच्या मधल्या एखाद्या फटीत घालावी लागते. मामाने ते आपल्या भाषेत सांगितलं. "आमच्या चाळीत मजल्याला एक नळ. प्रत्येक बिऱ्हाडाची वेळ ठरलेली. तू म्हणतेस आणखी एक बिऱ्हाड आणूया, एक बादली भरून जाईल गुपचूप. जाईल. पण त्याची बादली इतरांएवढीच आहे ना, ते बघितलंस काय?"

मी म्हटलं, "तेवढीच आहे. अर्धं मिनिट. सगळ्या गाड्यांचा थांबा तोच धरलाय."

"आणि विमानाला जाणारा माणूस हात हलवत चढतो?"

 खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात तो विचार आलाच नव्हता. मी रोजच्या गाड्यांचा थांबा घेतला आणि तसाच नव्या गाडीला लावला. रोज डबा आणि पाठीवरची सॅक घेऊन चढणाऱ्यांचा थांबा, मोठ्या बॅगा घेऊन चढणाऱ्यांना. ही अशी चूक आहे की जो दिवसभर तक्ते करतो त्याच्याकडूनच होते. इतर कोणालाही रस्त्यात थांबवून विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं.

पुढच्या शनिवारी भर दुपारी मामाने मला अंधेरीला बोलावलं. फलाटावर गेले तर तो दोन मोठ्या बॅगा घेऊन उभा, इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, थेट परदेशात निघाल्यासारखा. एका बॅगेत जुनी रेल्वेची पुस्तकं आणि दुसरीत मामीचा उकडा तांदूळ, घरात होता तेवढा सगळा. "तिला सांगितलंस?" मी विचारलं. "ती झोपली होती," तो म्हणाला. त्या वेळी हार्बरच्या फलाटाला फारशी गर्दी नव्हती. गाडी आली की एक बॅग त्याने घ्यायची, एक मी, चढायचं, आणि फोनमधल्या घड्याळावर दार मोकळं व्हायला किती वेळ लागला ते बघायचं. पुढच्या स्टेशनावर उतरायचं, उलट्या गाडीने अंधेरीला यायचं. परत चढायचं. मला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. लोक बघत होते. एका बाईने मामाच्या हातातली बॅग ओढायला मदत केली आणि मला झापलं, "काय गं, वडिलांना उचलायला लावतेस?" मामाने लगेच तोंड पाडलं, "कोणाला सांगू ताई, हल्लीच्या मुली..."

तिसऱ्या-चौथ्या फेरीला एक रेल्वे पोलीस जवळ आला. "काका, मघापासून बघतोय. चढताय, उतरताय. जायचंय कुठे?"

"विमानतळावर," मामा म्हणाला.

"हा रस्ता विमानतळाला जात नाही काका."

"तेच ठरवतोय," मामाने माझ्याकडे बोट दाखवलं, "ही ठरवतेय."

पोलिसाने बॅग उघडायला लावली. तांदूळ बघून त्याने बराच वेळ मामाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.  शेवटी मामाने निवृत्तीचं ओळखपत्र काढलं आणि तो पोलीस कपाळाला हात लावून हसत निघून गेला. घरी गेल्यावर मामीने अर्थातच मामाची खरडपट्टी काढली, "माझ्या तांदळाला लोकलने फिरवून आणलं! आता पेज करायची की त्याला तिकीट विचारायचं?" मामा हसला नाही. टेबलाशी बसून आम्ही टिपलेल्या वेळा बघत होता. निम्म्या रिकाम्या गाडीत, फक्त दोन बॅगांना, दार मोकळं व्हायला दुपटीहून जास्त वेळ लागला होता. "आता ह्या दोन बॅगांच्या जागी दारात आठ धर," तो म्हणाला, "आणि बाहेर चढायला पन्नास जण."

सोमवारी मी ते सरांना सांगितलं. सर म्हणजे आमच्या गटाचे प्रमुख. वाईट माणूस नाही, मला त्यांना वाईट ठरवायचंही नाही. त्यांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाले, "अनुजा, दोन माणसं, एक दुपार, याला पाहणी म्हणत नाहीत. अहवालात काय लिहू, तांदूळ?" मग थोडे गंभीर झाले. "आणि थांबा वाढवला तर वडाळ्याची फट हुकते. फट हुकली की गाडीच बसत नाही. मग लोकांना काय सांगायचं, टॅक्सीनेच जा?"  त्या लिफ्टमधल्या काकू माझ्या डोळ्यांसमोर आल्या. सरांनी तक्ता माझ्याकडे सरकवला, आणि त्यांच्यासमोर मी 'तपासलं'च्या रकान्यात सही केली. हात गार पडले होते. सही मात्र नेहमीसारखीच आली.

मामाला मी सांगितलं की सर विचार करतायत. त्याला ते पटलं नसावं, कारण पुढच्या खेपेला त्याने टेबलावरची भांडी सारली नाहीत. मला समोर बसवलं आणि एक गोष्ट सांगितली जी त्याने घरात कोणाला सांगितली नव्हती. मामीलासुद्धा त्या दिवशी पहिल्यांदा कळली, ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती.

मामा तेव्हा चाळिशीत होता. वरून सांगण्यात आलं की दुपारच्या वेळात एक जादा गाडी बसवून बघा. कागदावर जागा नव्हती. पण दोन गाड्यांच्या मध्ये थोडी मोकळीक ठेवलेली असते, एखादी गाडी रेंगाळली तर सावरायला. मामाने त्या मोकळिकीतून वेळ काढला. "कोणी जबरदस्ती नाय केली," तो म्हणाला, "मीच दाखवलं बसते म्हणून. हुशारी." काही दिवस सगळं सुरळीत चाललं. मग एका दुपारी पुढची एक गाडी कुठेतरी थोडीशी रेंगाळली. फार नाही. पण मागे सावरायला जागाच नव्हती. एक थांबली, तिच्या मागची थांबली, तिच्या मागची. आणि उपनगरातल्या एका स्टेशनावर फलाट भरत गेला. "लोकांना वाटतं गाड्या थांबल्या की सगळं थांबतं. गाडी थांबते गो. माणसं थांबत नाहीत. ती वरून येतच राहतात, जिना आहे ना." त्या स्टेशनचा मास्तर मामाशी फोनवर बोलत होता. सांगत होता की आधी एक तरी गाडी आत घ्या. आणि बोलता बोलता तो बोलायचा थांबला. फोन चालूच होता. मागून आवाज येत होता.

"कसला आवाज?" मी विचारलं.

 मामा टेबलक्लॉथची कड बोटाने सरळ करत राहिला... मग म्हणाला, "कोण गेलं नाय. नशीब. एका बाईचा हात मोडला, तिघाचौघांना लागलं. चौकशीत माझं नाव पण आलं नाय, कारण कागदावर सगळं बसत होतं. पण तो फोन मी अजून ऐकतो."

मामी दारातून म्हणाली, "म्हणून तू तेव्हा महिनाभर जेवत नव्हतास. मला म्हणालास पोट बिघडलंय."

मी त्या दिवसापासून नीट घाबरले. आधी मी सरांना घाबरत होते, मीटिंगला घाबरत होते, पोलिसाला घाबरत होते. ती सगळी स्वतःसाठीची भीती. ही वेगळी होती. रोज संध्याकाळी अंधेरीच्या पुलावरून जाताना मी खाली फलाट बघायची आणि मनातल्या मनात एक गाडी उशिरा आणायची. फक्त एक. मग जिन्याकडे बघायची. आणि पुढे बघवायचं नाही.

तरीही मी तक्ता बदलला नाही. हे मला अजून समजावून सांगता येत नाही. रोज सकाळी ठरवायचं की आज सरांना सांगू, दुपारपर्यंत त्यांच्या केबिनच्या काचेतून ते कोणाशी तरी बोलताना दिसायचे, आणि मी म्हणायची, उद्या.

तो शेवटचा रविवार. कंट्रोलच्या खोलीत एक रीत होती, मामाने मला आधीच सांगितलेली. पाळी संपली म्हणून कंट्रोलर तसाच उठून जात नाही. पुढचा माणूस येऊन बसतो, आणि जाणारा त्याला तोंडाने सगळं सांगतो, कुठली गाडी कुठे आहे, कुठला सिग्नल बिघडलाय, कोणाला थांबवून ठेवलंय. पुढचा ते आपल्या तोंडाने परत म्हणतो. मगच पहिला खुर्ची सोडतो. याला ते चार्ज देणं म्हणतात. "चार्ज देताना भांडण असलं तरी खोटं बोलायचं नाय," मामा म्हणायचा, "आपली चूक झाली असेल तर तीपण सांगायची. नायतर पुढचा आंधळा बसला." रविवारी त्याला बरं वाटत नव्हतं. पलंगावर उशीला टेकून बसला होता, पाय सुजले होते. त्या दिवशी त्याने विमानाचं वाक्य म्हटलंच नाही. म्हणाला, "बस. चार्ज दे बघू."

मी पलंगाच्या कडेला बसले. एकेक स्टेशन सांगत गेले. सुटण्याची वेळ, पोचण्याची वेळ. तो डोळे मिटून माझ्यामागून म्हणत होता. अंधेरी आली.

"अंधेरी," मी म्हटलं, "थांबा दीड मिनिट."

त्याने डोळे उघडले. "बदललंस?"

"हो."

"वडाळ्याला काय केलंस मग? फट हुकेल."

"सर म्हणाले, गाडी दुसऱ्या वेळेला बसवू. गर्दी नसते तेव्हा."

हे सगळं मी जागच्या जागी रचलं. मी आयुष्यात इतकं भरभर खोटं बोलले नव्हते. त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला, जो तो कधी ठेवत नसे, आणि म्हणाला, "अंधेरी, थांबा दीड मिनिट. घेतला चार्ज." आणि परत डोळे मिटले. जिना उतरताना वाटलं, उद्या खरंच बदलू, मग ते खोटं उरणार नाही. सोमवारी सर बाहेरगावी होते. मंगळवारी मामीचा फोन आला.

अहवाल ज्यांना द्यायचा होता त्यांच्यासमोर तो मांडायची तारीख मामाच्या बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी आली. सरांनी सुट्टी देऊ केली. मी नको म्हटलं. लांबट टेबल, समोर सात-आठ माणसं, भिंतीवर माझ्या रेघा. सर छान बोलतात. अंधेरीची ओळ आली आणि पुढे गेली. मी पाणी प्यायले. ओळी आणखी दोन स्टेशनं पुढे गेल्या. मग मी उभीच राहिले, बसून जमणार नाही असं वाटलं म्हणून.

मी काय बोलले ते सलग आठवत नाही. इंग्रजीत सुरुवात केली होती, मग मराठीत आले एवढं आठवतं. म्हटलं, अंधेरीचा थांबा मी न मोजता लिहिला. तपासलं म्हणून सही माझी आहे. ती मी काढून घेते. बॅगा असतील तर अर्ध्या मिनिटात दार मोकळं होत नाही. गाडी रेंगाळली तर वडाळ्याला दुसरीकडची थांबेल, मागच्या थांबतील, आणि फलाट भरेल. सर माझ्याकडे बघत होते. रागाने नाही, कोणी भर रस्त्यात पडल्यावर बघतात तसे.

समोरच्या एकाने विचारलं, "मग किती धरायचा?"

"मला माहीत नाही. नीट मोजायला हवा. आम्ही मोजला तेव्हा दुपटीहून जास्त आला."

"आम्ही म्हणजे कंपनी?"

"नाही. मी आणि माझा मामा."

कोणीतरी हसलं. मग प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थांनीच जरा मऊ आवाजात विचारलं, "मामा रेल्वेत आहेत?"

"होते," मी म्हटलं. तोपर्यंत त्याच्याबद्दल हा शब्द मी वापरला नव्हता. आणि खाली बसले.

पुढे काय झालं ते मोठं नाही. माझी सही काढली. त्या जागी दुसऱ्या कोणाची आली. अर्धं मिनिट तसंच राहिलं, मात्र अहवालाच्या शेवटी एक ओळ जोडली गेली, की अंधेरीसह प्रमुख स्थानकांवर सामानासह थांब्याची प्रत्यक्ष पाहणी करून मगच निर्णय घ्यावा. ती ओळ सरांनी स्वतः लिहिली, हे मला नंतर कळलं. मला त्यांनी दुसऱ्या कामावर टाकलं. "थोडे दिवस," ते म्हणाले. ती पाहणी होईल का, कोण करेल, ती शेवटची ओळ कोणी वाचेल का, मला माहीत नाही. ती गाडी सुटावी असं मला आजही वाटतं. आणि तिची भीतीही वाटते. दोन्ही एकाच वेळी, रोज.

गेल्या शनिवारी दुपारी मामीकडे गेले. घर सामसूम. मामाचा पलंग भिंतीला सरकवलेला, त्या जागी मामी खाली बसून मेथी निवडत होती. मीही बसले. निवडता निवडता सगळं सांगून टाकलं. सही, सर, तो रविवार, ते खोटं. मामीने मध्ये एकदाही मान वर केली नाही. माझं संपल्यावर एक काडी मोडून बाजूला टाकली आणि म्हणाली, "महिनाभर झोपत नव्हता तो. उठून बसायचा, मला म्हणायचा, अंधेरी, अंधेरी. त्या रविवारी झोपला. सोमवारीपण झोपला." मग म्हणाली, "खोटं तर खोटं. पण मला नाही ठरवता येत, तुला रागावू की काय करू."

मलाही ठरवता येत नाही.

मग खालून गाडी जात होती तिचा आवाज मंदावला. मला कळलंही नाही, त्या घरात गाड्यांचा आवाज कोणी ऐकत नाही. पण मामीचे हात थांबले. "उभी राहिली," ती म्हणाली, "सिग्नलला. पुढे फलाट रिकामा नसणार." मी तिच्याकडे बघत राहिले. तिने जन्मभर रेल्वेच्या नावाने बोटं मोडली, माझं लग्न दत्तारामशी झालंय, इंजिनाशी नाही, म्हणायची. पण चाळीस वर्षं तो या खोलीत बसून हेच बोलत होता, आणि ती मेथी निवडत होती.

 मामीचे ओठ हलत होते, ती मोजत होती. बऱ्याच वेळाने खाली एक धक्का बसल्यासारखा आवाज झाला आणि चाकं हळूहळू फिरायला लागली.

मला बरं वाटलं. मामीला वाटलं नाही. तिने जुडी परत हातात घेतली, पण कान खिडकीकडेच होते.

"आता हिच्या मागची येईल," ती म्हणाली. "ती थांबते का बघ."